सॅम्पल फ्लॅटची भुरळ

पुण्यात घर बघायला गेलं की आधी दाखवतात तो सॅम्पल फ्लॅट. बऱ्याचदा आतली दारं गायब, पलंग आखूड, दिवे ढीगभर... मग दहा बाय दहाची खोलीसुद्धा ऐसपैस वाटणारच की! आणि आपण, टेस्टिंगशिवाय एक ओळ कोड पुढे न जाऊ देणारे, वीस वर्षांचं कर्ज नुसत्या डेमोवर काढतो. डोकं गहाण टाकलंय का? टेप न्या राव! २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत (आतल्या भिंती मात्र धरतात, तेही मनात वजा करा). सेल्समन बाल्कनी मिळवून आकडा फुगवायला लागला, की महारेराच्या साइटवरचा आकडा त्याच्यापुढे ठेवा आणि बांधून झालेला फ्लॅट दाखवायला सांगा. तिथे बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार बघा. हसला तर हसू दे त्याला.