‘बघून देतो’ या दोन शब्दांचे पैसे घ्या



एकलहऱ्यात दुकान चालवताना माझं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं, सांगू? उधारीने नाही. ‘बघून देतो’ या दोन शब्दांनी.

एक खाणावळवाले काका जुना कॉम्प्युटर घेऊन आले. आत डिजिटल टीव्ही ट्यूनर कार्ड, वर लिनक्स. गल्ल्याजवळ फुकटचे चॅनल दिसावेत, एवढीच मागणी. मी म्हटलं, “ठेवून जा काका, बघून देतो.”

तीन रात्री गेल्या. ड्रायव्हर चालला, फर्मवेअर बसलं, पण चॅनल एकही नाही! कारण कार्ड डीव्हीबी-टी2 चं, म्हणजे अँटेनावर चालणारं. दूरदर्शनने ही सेवा 2016 मध्ये 16 शहरांत सुरू केली. त्यात आपल्या राज्यातली मुंबई आणि औरंगाबाद होती, नाशिक नव्हतं. मग काकांकडे पैसे कशाचे मागू? त्यांच्या दृष्टीने काम झालंच नव्हतं.

चूक माझी होती. मी दुरुस्ती विकायला बसलो होतो, खरं तर आधी निदान विकायला हवं होतं. आता असं काम आलं की मी याच क्रमाने जातो:

1. सिग्नल: टी2 कार्डाला अँटेना लागतो, एस2 ला डिश. डीडी फ्री डिशचे खुले चॅनल एस2 कार्डावर घेता येतात. खासगी डीटीएचचे चॅनल एन्क्रिप्ट केलेले असतात, ते नुसत्या कार्डावर दिसत नाहीत.

2. चिप: खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या कार्डात वेगवेगळ्या चिप निघतात. आतलं कार्ड असेल तर ‘एलएसपीसीआय’, यूएसबी असेल तर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्या. जो आयडी मिळेल, त्यावरून ड्रायव्हर शोधा.

3. फर्मवेअर: ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलमध्येच असतो. फर्मवेअर ही वेगळी फाइल, जी ड्रायव्हर चिपमध्ये भरतो. काही कंपन्यांच्या लायसन्समुळे ती लिनक्ससोबत येत नाही. ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर लोड फेल, एरर -2 दिसलं, तर अर्थ सरळ आहे: फाइल जागेवर नाही. त्याच ओळीत फाइलचं नावही असतं. ती फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये टाका, मशीन पूर्ण बंद करून परत चालू करा.

एवढं तपासायला अर्धा तास पुरतो. त्याचे मी 200 रुपये आधी घेतो. काम पुढे माझ्याकडेच केलं तर ते बिलातून वजा.

तुम्ही म्हणाल, “सर, असं केलं तर गिऱ्हाईक पळेल.” काही पळतातही, खोटं कशाला बोलू? पण डॉक्टर तपासून “काही झालेलं नाही” म्हणाले, तरी आपण फी देतोच ना? “काका, हे कार्ड इथे चालणार नाही, यावर आणखी पैसे घालू नका,” हे सांगणंसुद्धा काम आहे. त्याने काकांचे पैसे वाचतात आणि तुमच्या रात्री.

मोबाइल रिपेअरिंग असो, शिलाई मशीन असो की मोटार रिवाइंडिंग, नियम हाच. उद्या दुकान उघडलं की पहिलं काम करा: तपासणीचा दर कागदावर लिहा आणि काउंटरवर चिकटवा. तोंडाने सांगायला लाज वाटते, तिथे कागद कामाला येतो.