विजेची बोट येईल, पण ती कोणाची असेल?

मुंबई बंदरातल्या जुन्या डिझेल लाँच काढून त्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या बोटी आणायच्या, ही भाषा आता मंत्रालयातून वरचेवर ऐकू येते. गेटवे ते जेएनपीए मार्गावर विजेच्या वॉटर टॅक्सीची घोषणा होऊन गेली. पांढऱ्याशुभ्र बोटीचे फोटो छापून आले, कोट टाय घातलेली माणसे तिच्यात बसलेली दिसली. आपल्या चळवळीत मात्र या विषयावर शांतता आहे. बॅटऱ्या, बोटी, प्रदूषण हे कुलाब्यातल्या लोकांचे विषय आणि शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी, आरक्षण हे आपले विषय, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. तिला बाबासाहेबांच्या आयुष्यात कुठे आधारही सापडत नाही.

महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब कसे गेले, हे आपल्या तरुणांपैकी किती जणांना माहीत आहे? मनुस्मृती जाळली ती 25 डिसेंबर 1927 ला. त्याच्या आदल्या दिवशी ते सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि 25 ला दुपारी दासगावच्या बंदरात उतरले. धरमतरमार्गे जाता आले असते. पण तिथून पुढे मोटारींवर अवलंबून राहावे लागले असते आणि मोटारवाल्यांनी अस्पृश्यांना घ्यायला नकार दिला तर सगळेच अडले असते. दासगावहून महाड पाच मैल, पायी जाता येते. म्हणून बोट. प्रवासाचे साधन कोणाच्या हातात आहे आणि तो मालक आपल्याला दारात उभे करतो की नाही, हा हिशोब करूनच ती परिषद आखली होती. चवदार तळ्याचा मुद्दाही याच मापाचा आहे. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला तो सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या पाणवठ्यांबद्दल, धर्मशाळांबद्दल होता. पैसा सगळ्यांचा असेल तर वापरही सगळ्यांचा. पुढे हेच तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशा नावांनिशी आले.

बंदरातला धक्का आणि त्यावरून सुटणारी बोट हा याच यादीतला पाण्यावरचा रस्ता आहे, असे आम्ही मानतो.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे वीज आणि पाणी ही दोन्ही खाती होती. 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला तो त्यांच्याच सल्ल्याने. आज त्यालाच आपण केंद्रीय जल आयोग म्हणतो. वीज आणि जलवाहतूक एका माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी होती. तेव्हा विजेची बोट हा परका विषय म्हणून सोडून देण्याचे आपल्याला काही कारण नाही.

आता आजच्या धक्क्यावर येऊ. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला आणि रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये कोण बसते ते एकदा जाऊन पाहावे. उरणला कामाला जाणारे, मुंबईत माल घ्यायला येणारे, पाट्या घेऊन निघालेल्या मासळीवाल्या बाया, इस्पितळात नातेवाईक असलेली माणसे. ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळे लाँच लागत नाही, मग पाणी चढेपर्यंत वाट पाहायची. पावसाळ्यात तिकीट वाढते. डिझेलचा धूर आणि इंजिनाचा धडधडाट यांत प्रवास होतो. चढता उतरताना लाँच हलत असते, पायऱ्या निसरड्या असतात. म्हाताऱ्या माणसाला दोन खलाशी बखोटीला धरून वर ओढतात, आणि अपंग माणसाने तिकडे फिरकूच नये अशी एकूण रचना आहे. दुसरीकडे गेटवे ते मांडवा. तिकडे शनिवार-रविवारी बंगल्यावर जाणारी मंडळी दिसतात. ज्या अलिबाग तालुक्यात 1933 पासून चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप लढवला आणि ज्याला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर आज कोणाची कुंपणे आहेत हे सांगायला नको. नवी बोट आधी कोणत्या मार्गावर लागते, यावरून ती कोणासाठी आहे हे कळेल.

सुरक्षेचे नाव पुढे केले जाते, त्यात तथ्य आहे, पण ते नीट तपासले पाहिजे. 18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि 15 जणांचा जीव गेला. ती बोट डिझेलवर होती म्हणून हे घडले नाही. बॅटरीवर असती तरी धडक बसलीच असती. पण परवान्यापेक्षा जास्त माणसे भरलेली होती, आणि लाईफ जॅकेटची सक्ती आली ती माणसे बुडाल्यावर. 17 जुलै 1947 ला ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक कोकणातली साधी माणसे. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. गर्दी किती, वादळात बोट सोडायची की नाही, बुडताना हाताला धरायला काय आहे, हे प्रश्न तेव्हाचेच आहेत आणि मोटार बदलल्याने ते सुटत नाहीत. नव्या बोटीच्या कौतुकात हे बुडू देता कामा नये.

तरीही आमची बाजू स्पष्ट आहे: जुन्या लाँच जाव्यात, विजेच्या बोटी याव्यात. खलाशी दिवसभर इंजिनाशेजारी उभा असतो, धूर आधी त्याच्या छातीत जातो. डिझेलचा भाव वाढला की तिकीट वाढते. बोटीसारख्या ठराविक मार्गावर, ठराविक वेळाने, एकाच धक्क्यावर परत येणाऱ्या वाहनाला बॅटरी तर बसपेक्षाही सोयीची.

हे केरळमध्ये करून झाले आहे. जानेवारी 2017 मध्ये वायकोम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ नावाची 75 प्रवाशांची सौर बोट सुरू झाली. भारतातली ती पहिली सौर प्रवासी फेरीबोट. गाव ओळखीचे वाटते ना? हेच ते वायकोम, जिथे 1924-25 मध्ये मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, ज्यात पेरियार तुरुंगात गेले. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी सार्वजनिक रस्त्यावर पाय ठेवायला बंदी होती, तिथे आज दहा रुपयांच्या आतल्या तिकिटात कोणीही सौर बोटीत बसू लागला. पण आम्हाला त्या बोटीच्या छपरावरच्या पॅनेलपेक्षा तिच्या मालकीत जास्त रस आहे. ती केरळ सरकारच्या राज्य जलवाहतूक खात्याची आहे. त्या खात्यातला बोट मास्तर आणि लष्कर, म्हणजे खलाशी, लोकसेवा आयोगातून येतो. म्हणजे तिथे आरक्षण लागू आहे, वेतनश्रेणी आहे.

2023 मध्ये कोचीला वॉटर मेट्रो आली. तिथल्या शंभर प्रवाशांच्या बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्या, म्हणजे सरकारी कारखान्याने. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत भरते. किमान तिकीट 20 रुपये ठेवले. आणि धक्के तरंगते केले, म्हणजे पाणी वर-खाली झाले तरी धक्का आणि बोट एका पातळीला राहतात आणि चाकाची खुर्ची सरळ आत जाते. मुंबईची भरती-ओहोटी कोचीपेक्षा बरीच मोठी आहे आणि बंदराबाहेरचे पाणी बॅकवॉटरसारखे शांत नाही. त्यामुळे तिथली बोट उचलून इथे आणता येणार नाही, हे आम्हालाही कळते. पण तरंगता धक्का बांधायला कोणी अडवले आहे? रेडिओ क्लबजवळ सुमारे 229 कोटींचा नवा धक्का होतो आहे. बोटीने जाणाऱ्या माणसांच्या त्या धक्क्यावर दीडशे मोटारींच्या पार्किंगची योजना आहे. मोऱ्याचा गाळ मात्र तसाच.

मुंबईचा ताजा इतिहास पाहिला की आमचा संशय का आहे ते कळेल. फेब्रुवारी 2022 मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली. बेलापूरचा धक्का सार्वजनिक पैशातून झाला. तिकीट? मोठ्या कॅटामरानचे 290 रुपये, स्पीडबोटीचे हजाराच्या घरात. लोकलच्या पासवर महिना काढणारा माणूस तिकडे फिरकला नाही, आणि मग प्रवासी नाहीत म्हणून सेवा गुंडाळली. अटल सेतू घ्या. 17,840 कोटींचा पूल, मोटारीला एका फेरीचा टोल 250 रुपये, आणि दुचाकी व रिक्षाला प्रवेशच नाही. 2025 मध्ये मुंबईहून कोकणात जाणाऱ्या रो-रो सेवेचे दर जाहीर झाले: 2500, 4000, 7500 आणि 9000 रुपये. प्रवाशांचे चार वर्ग केले आहेत. चार हा आकडा आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. ज्या समुद्रमार्गाने बाबासाहेब दोनशे माणसे घेऊन महाडला गेले, त्या मार्गावर आज त्यांच्यातल्या किती जणांना तिकीट परवडले असते?

बेस्टची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. मुंबईत विजेच्या बसगाड्या आल्या, चांगल्या आल्या, एसी आल्या. पण त्या बेस्टच्या मालकीच्या आल्या नाहीत, भाडेकरारावर आल्या. वेट लीज असे त्याचे नाव. बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, बेस्टचा फक्त रंग आणि नंबर. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या भंगारात जात राहिल्या आणि त्यांच्याबरोबर बेस्टच्या भरतीतली आपली बिंदुनामावलीही. ज्या बेस्टने गिरणगावातल्या, चेंबूर-घाटकोपरच्या चाळींतल्या आपल्या कितीतरी घरांना पहिला कायम पगार दिला, तिथे आज आपलीच पोरे कंत्राटी चालक आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांना पगारवाढीसाठी संप करावा लागला. शिवाय मे 2025 मध्ये किमान भाडे पाचाचे दहा झाले. डिझेल जाऊन वीज आली, त्याच फाटकातून आरक्षण बाहेर गेले. कोणी मोर्चा काढला नाही, कारण ‘पर्यावरणपूरक’ गोष्टीला विरोध करायचा कसा, असे सगळ्यांना वाटले.

बोटींच्या बाबतीत हेच होणार, असे आम्हाला दिसते. विजेची बोट डिझेल लाँचपेक्षा घ्यायला महाग आणि चालवायला स्वस्त. म्हणजे सुरुवातीचा मोठा पैसा ज्याच्याकडे, त्याच्या हातात धंदा. आज बंदरातल्या लाँच लहान मालकांच्या आणि सहकारी संस्थांच्या आहेत. त्यांत कोळी, आगरी, कोकणी मुसलमान असे सगळे आहेत. त्यांच्याबद्दल आम्हाला भाबडे प्रेम नाही. तिथेही खलाशाला नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधीचे नाव नाही. पण त्यांना मुदत देऊन बाहेर काढले आणि बँकेचे कर्ज फक्त बड्या कंपनीलाच मिळाले, तर बंदर एक-दोन घराण्यांच्या ताब्यात जाईल आणि खलाशी सुरक्षारक्षक होईल. म्हणून सरकारने बोटी स्वतः विकत घ्याव्यात, एसटीसारख्या सार्वजनिक महामंडळातून चालवाव्यात. सध्याच्या सहकारी संस्थांना हवे तर त्यात भागीदारी आणि अनुदान द्यावे. आजच्या तांडेल-खलाशांना बॅटरी आणि उच्च दाबाच्या विजेचे प्रशिक्षण देऊन आधी सामावून घ्यावे आणि नव्या जागा आरक्षणासह भराव्यात. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, तसे बोट चालवण्याच्या आणि देखभालीच्या परवान्याचे वर्ग का नकोत? आपल्या पोरींनाही त्यात जागा हव्यात. कोची मेट्रोने 2017 मध्ये कुडुंबश्रीच्या बायांना आणि तृतीयपंथी व्यक्तींना कामावर घेतले, तर इथे काय अडचण आहे?

आणखी एक गोष्ट, जी पर्यावरणवादी मंडळी टाळतात. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशातून येते. गेटवेवरचा धूर गेला तरी कोराडी आणि चंद्रपूरची राख कोणाच्या छपरावर पडते? आणि बंदराच्या काठावरच माहुल आहे, जिथे तानसा पाइपलाइनजवळच्या झोपड्यांतली माणसे रिफायनऱ्यांच्या धुरात नेऊन टाकली. धूर एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर ढकलला तर त्याला आम्ही स्वच्छ म्हणणार नाही. धक्क्यांच्या छपरांवर सौर पॅनेल टाकायला हवीत आणि उरलेली वीज कुठून येणार ते करारात लिहायला हवे. जुन्या बॅटऱ्यांचे काय, हेही तिथेच लिहावे. नाहीतर त्या उघड्या हातांनी फोडायला शेवटी आपल्याच वस्तीतली पोरे बसतील.

या बोटींची निविदा निघेल तेव्हा ती इंग्रजीत, शंभर-दीडशे पानांची असेल. आपल्यातल्या अभियंत्यांनी आणि वकिलांनी ती वाचायला घ्यावी. चार गोष्टी शोधाव्यात: बोटीची मालकी कोणाच्या नावावर आहे, तिकिटाची कमाल मर्यादा कोण ठरवणार, कर्मचारी कोणाचे, आणि मोरा-रेवस हे मार्ग पहिल्या टप्प्यात आहेत की शेवटच्या. उत्तर सापडले नाही तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. उरण आणि अलिबागच्या साथींनी लाँचवरच्या प्रवाशांच्या आणि खलाशांच्या सह्या घ्यायला सुरुवात करावी. मुंबईच्या साथींनी भाऊच्या धक्क्यावर रविवार सोडून कामाच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या लाँचला यावे.

जय भीम.