रणगाडासुद्धा ट्रेलरवरून जातो

नगरच्या माणसाला रणगाड्याचे अप्रूप नाही. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून या गावात आहे (गावाचे अधिकृत नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी बोलताना तोंडात अजून 'नगर'च येते) आणि सरावाची के. के. रेंजही जवळच आहे. त्यामुळे लांबलचक, अनेक चाकी ट्रेलरवर साखळदंडांनी जखडलेला रणगाडा रस्त्याने चाललेला इथल्या शाळकरी पोरांनीही पाहिलेला असतो. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र प्रश्न पडतो. शत्रूचे गोळे झेलणारा रणगाडा स्वतःच्या पायांनी का जात नाही? उत्तर अगदी साधे आहे. लांबच्या डांबरी रस्त्यावर त्याचे पट्टे झिजतात, इंजिनाचे आयुष्य फुकट खर्ची पडते आणि रस्ताही उखडतो. त्याची ताकद जिथे लागणार तिथेच ती वापरायची, असा हा हिशेब आहे. लष्कराला यात काही कमीपणा वाटत नाही.

कमीपणा वाटतो तो आपल्याला. जिल्ह्यात आजही कुठे वाड्याच्या पडवीत, कुठे मळ्यातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जुनी मोटार उभी असते. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली फियाट असेल, लँडमास्टर असेल, नाहीतर लढाईनंतर लिलावात घेतलेली विलीज जीप असेल. आजोबा त्या मोटारीतून लग्नाला गेलेले असतात, आत्या तिच्यातून सासरी गेलेली असते. मग घरातला एखादा नातू नोकरीला लागतो, हौसेने तिच्यावर दोन-तीन लाख रुपये खर्च करतो, जुन्या बाजारातून दिव्यांच्या काचा शोधून आणतो. आणि पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्रदर्शनाला न्यायची वेळ आली की घरातला कोणीतरी वडीलधारा म्हणतो, "ट्रेलर कशाला? चालवतच नेऊ. गाडी आहे की शोभेची बाहुली?"

या प्रश्नात थोडे तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. मोटार चालण्यासाठीच असते, आणि वर्षानुवर्षे न चालवलेली मोटार आतून कुजते. पण चालवायची कुठे, हाही प्रश्न आहेच. लंडन ते ब्रायटन अशी १९०५ पूर्वीच्या मोटारींची फेरी दर नोव्हेंबरात निघते. त्यातल्या कितीतरी मोटारी लंडनपर्यंत ट्रेलरवरूनच येतात आणि मग ते शंभरेक किलोमीटर मात्र अभिमानाने स्वतःच्या चाकांवर धावतात. त्यांना कोणी शोभेच्या बाहुल्या म्हणत नाही. आपल्या सरकारनेही जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. त्यात अटही स्पष्ट आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापरासाठी नाही.

माझे मत असे की नगरहून दूर जाणाऱ्या जुन्या मोटारीने ट्रेलरवरूनच जावे. साठ वर्षांपूर्वीचे ब्रेक हे साठ वर्षांपूर्वीच्या रहदारीसाठी केलेले होते. इमामपूरच्या किंवा करंजीच्या घाटात मागे भरलेला ट्रक लागला असताना त्या ब्रेकची परीक्षा घेण्यात कसला आला अभिमान? त्यात हंगाम उसाचा असेल, तर अंधारात दिव्यांशिवाय चाललेल्या जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतातच.

पण गाडी ट्रेलरवर चढली म्हणजे काळजी मिटली, असे नाही. खरा धोका चढवताना आणि बांधताना असतो. आपल्याकडे सर्रास दिसते ते असे: क्रेनवाला येतो, पुढच्या बंपरला हुक अडकवतो आणि गाडी अर्धी उचलून ओढत नेतो. जुन्या मोटारीचा बंपर ओढण्यासाठी केलेला नसतो, तो दागिना असतो. गाडी सपाट फळीच्या ट्रकवर किंवा ट्रेलरवर चारही चाकांनी उभी राहिली पाहिजे. फळ्यांचा उतार जितका लांब, तितका चांगला. आखूड उतारावर सायलेन्सर घासलाच म्हणून समजा. इंजिन चालू करून जोरात वर चढवण्यापेक्षा साखळी-कप्पीने किंवा विंचने हळूहळू ओढावी, एका माणसाने स्टीअरिंग धरावे आणि ओढताना तारेच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. फियाट किंवा ॲम्बॅसॅडरसारख्या पुढे इंजिन असलेल्या गाडीचे तोंड पुढेच हवे. ट्रेलर मागे जोडलेला असेल, तर वजनाचा थोडा भार जोडावर यायला हवा. शेपटी जड झाली की ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि एकदा डोलू लागला की भल्याभल्या ड्रायव्हरांच्या हातात राहत नाही.

बांधायचे ते चाकांना. टायरवरून जाणारे रुंद पट्टे ट्रेलरच्या कड्यांना ताणून बांधले, की चाके जागची हलत नाहीत आणि गाडीचे अंग मात्र आपल्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर मोकळे हलू शकते. ॲक्सलला दोर गुंडाळला, तर शेजारून गेलेली ब्रेकची नळी चेपते आणि ते कळते दुसऱ्या दिवशी, गाडी उतरवून चालवताना. चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे, गाडी गिअरमध्ये, बॅटरीची तार काढलेली, टाकीत पेट्रोल अगदी थोडे. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, कारण ते हमखास सैल पडतात. पुण्याकडे निघाला असाल तर वाटेतला पहिला चहा या कामासाठीच राखून ठेवा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. उघड्या ट्रेलरवर मोटारीला कापडी झूल घालू नका. वाऱ्याने ती फडफडते, तिच्यातली धूळ पॉलिशच्या कागदासारखी काम करते आणि शंभर किलोमीटरमध्ये नवा रंग मातेरे होतो. मायेने घातलेले पांघरूणच घात करते.

आता विम्याकडे वळू. घोळ खरा इथेच आहे, आणि तो गाडी निघण्याआधीच झालेला असतो. मोटारीच्या सर्वसाधारण संपूर्ण पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना होणारे नुकसान धरलेले असते. हे वाचून हायसे वाटते खरे, पण पडवीतल्या कितीतरी मोटारींना नुसता थर्ड पार्टी विमा असतो. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, आपली गाडी पडली तर त्यातून दमडीही मिळत नाही. संपूर्ण पॉलिसी असली तरी दुसरी अडचण राहतेच. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर कंपनी साधारणपणे निम्मी घट धरते, आणि पाच वर्षांनंतर गाडीची किंमत काय धरायची, हे कंपनीने आणि आपण मिळून ठरवायचे असते. पण आपण काही बोलतच नाही. एजंट तीस-चाळीस हजार लिहितो, हप्ता कमी बसला म्हणून आपण खूश होतो! म्हणून जाणकाराकडून मूल्यांकन करून, फोटो आणि दुरुस्तीची बिले जोडून, आधीच मान्य झालेल्या किमतीची पॉलिसी मागावी.

त्याखेरीज त्या एका प्रवासापुरता वाहतुकीचा विमाही घेता येतो. नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण हा विमा कंपनीच्या 'मरीन' खात्यातच मिळतो. त्यात सर्व जोखमींचे कलम घ्यावे, कारण स्वस्तातले कलम आग, टक्कर, वाहन उलटणे एवढ्यावरच थांबते. चढवता-उतरवतानाचे नुकसान धरले आहे ना, हे लेखी विचारावे. गाडी नीट बांधली नव्हती म्हणून झालेल्या नुकसानीवर कंपनी हात वर करू शकते. म्हणून बांधून झाल्यावर फोटो काढावेत, ते तेव्हा उपयोगी पडतात.

"पण ट्रान्सपोर्टवाला जबाबदार असतोच की," असे म्हणणारे भेटतात. असतो, पण किती? १८६५ चा जुना कायदा जाऊन आलेला २००७ चा रस्ता वाहतूक कायदा २०११ पासून लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. समजा, भाडे १५ हजार ठरले, तर जबाबदारी दीड लाखाची, मग मोटार सहा लाखांची का असेना. जास्त किंमत जाहीर करून जास्त दर भरायची कायद्यात सोय आहे, पण भाड्यात पाचशे रुपये कमी करून घेण्याच्या नादात ती कोणी वापरत नाही. आणि स्टँडवरच्या ट्रेलरवाल्याशी तोंडी सौदा केला असेल, बिल्टीसुद्धा घेतली नसेल, तर हातात काहीच नाही. नोंदणी असलेला वाहतूकदार, मोटारीची किंमत लिहिलेली बिल्टी आणि ट्रेलरच्या स्वतःच्या विम्याची प्रत, एवढे घेतल्याशिवाय गाडी फळीवर चढवूच नये.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्टची एक चिलखती गाडी आहे. पोराबाळांना घेऊन जाल तेव्हा तिच्यासमोर जरा थांबून बघा. तिच्यासारखी वस्तू पैसे देऊन पुन्हा करून घेता येत नाही. आपल्या घरची फियाट तितकी दुर्मीळ नसेल, पण ज्या मोटारीतून आत्या सासरी गेली ती तर एकच आहे. विम्याने आत्याची मोटार परत येत नाही. मिळतात ते पैसे, आणि त्यातून निदान पत्रा, रंग, काच होते. नाहीतर नातवाची दोन वर्षांची हौस आणि बचत घाटातल्या एका वळणावर संपते, आणि पुन्हा उभे करण्याची ऐपत घरात राहत नाही.

मुक्कामी गाडी रात्री पोचली तर उतरवायची घाई नको. सकाळच्या उजेडात चारही बाजूंनी बघून, निघतानाच्या फोटोंशी ताडून मगच सही करावी. ओरखडा दिसला तर त्याच पावतीवर लिहावा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी. कायद्याने ती माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नंतर कोर्टाचा दरवाजा उघडत नाही. ड्रायव्हर घाई करील, त्याला परतीचे भाडे धरायचे असते. त्याला चहा पाजावा आणि थांबवावे.