जादा तासांचे ऋण

निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने, वडगाव-शहापूरचे माग आणि आपल्या पेठांतील दुकाने चालविणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या तोंडून आम्ही एकच वाक्य ऐकत आलो आहोत : "माणसे राजीखुशीने थांबतात, चहा-फराळ देतो, दिवाळीला भेटही देतो, मग जादा तासांचा निराळा हिशेब कशाला?" या वाक्यात सौजन्य आहे, न्याय मात्र नाही.

कायद्याची स्थिती संदिग्ध नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमाने दिवसाच्या नऊ किंवा आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांपलीकडील कामाला दुप्पट वेतन ठरविले. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकानविषयक कायद्याने आणि विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यानेही तेच प्रमाण धरले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतही दुपटीचे तत्त्व कायम आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकान कायदा निराळे सांगत नाही. हद्दीवरून भांडणारी दोन राज्ये ज्या थोड्या गोष्टींत एकमत आहेत, त्यांपैकी ही एक होय. कामगार कागलला जावो की निपाणीत राहो, घड्याळाला कानडी-मराठी भेद नसतो.

समजा, एखाद्या दुकानातील नोकराला नऊ तासांचे ५४० रुपये मिळतात. तासाचे साठ झाले. दहाव्या तासाचे एकशेवीस झाले पाहिजेत. दुप्पट का? ते बक्षीस नव्हे, तो लगाम आहे. थकलेल्या माणसाकडून आणखी काम घेणे दुसरा माणूस नेमण्यापेक्षा स्वस्त पडू नये, हा त्यातील हेतू आहे. कर्नाटकाने २०२३ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती करून तिमाहीतील जादा तासांची मर्यादा ७५ वरून १४४ वर नेली. मर्यादा सैल झाली, तेव्हा तर हा लगाम अधिकच घट्ट हवा.

राहिला राजीखुशीचा मुद्दा. ज्याची उद्याची चूल मालकाच्या मर्जीवर पेटते, त्याच्या संमतीचे मोल किती? गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये बारा तासांचा दिवस करून जादा तासांना साधाच दर लावला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. महामारीचे संकटही जेथे सबब म्हणून चालले नाही, तेथे आपला 'सीझन' कसा चालावा?

दुसरी सबब अशी की, काम नगावर आहे, तासांचा प्रश्नच नाही. ही सबब जुन्या कायद्यांनीच खोडून काढली होती. विडी कायद्याच्या १८ व्या कलमात, कारखान्यात बसून नगावर काम करणाऱ्यांसाठी मागील आठवड्याच्या प्रत्यक्ष कमाईची दैनिक सरासरी काढून तोच दर धरावा, असे सूत्र होते. नव्या वेतन संहितेच्या १४ व्या कलमात तासावर, दिवसावर वा अधिक मुदतीवर ठरलेल्या वेतनाचा उल्लेख आहे. नगावरच्या मजुरीचा हिशेब कसा मांडावा, हे ते कलम सांगत नाही. या मौनाचा पहिला फटका वखारीतील आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांना बसेल. निपाणीच्या ज्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर 'युगांतर' गटाने १९८२ साली माहितीपट काढला, त्यांच्या लेकीसुनांना तोच लढा पुन्हा लढावयास लावू नये. सरासरीचे ते सूत्र राज्याच्या नियमांत स्पष्ट शब्दांत आलेच पाहिजे.

वाचकहो, देवस्थानच्या दानपेटीतील एक रुपया हिशेबाबाहेर राहिला तर वार्षिक सभेत आपण रात्र जागवतो. मग आपल्याच दुकानाच्या वहीत नोकराचा दहावा तास का लिहिला जात नाही? सरकारी तपासनीस येण्याची वाट कशाला पाहावयाची? हजेरीच्या पुस्तकात येण्याजाण्याची वेळ लिहा, ती कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहा, आणि पगाराच्या दिवशीच जादा तासांचा चुकता हिशेब करा. दिवाळीची भेट हे दान आहे. जादा तासांची मजुरी हे ऋण आहे. दान देऊन ऋण फिटत नाही, हे आपल्या शास्त्रांना मानणाऱ्यांस आम्ही निराळे सांगावयास नको.