थ्रेड : दोष १९६३ चा नव्हे, कालच्या जीर्णोद्धाराचा

१/
जुनी मोटार जीर्णोद्धारानंतर रस्त्यावर येते. स्टिअरिंग जड लागते, गाडी एका अंगाला ओढते, पंप कण्हतो. लगेच निवाडा होतो : “साठ वर्षांपूर्वीचे पॉवर स्टिअरिंग असेच असायचे.” मग मूळ यंत्रणा भंगारात जाते आणि तिच्या जागी विजेची मोटर बसते. हा निवाडा इतिहास म्हणून खोटा आहे आणि तंत्र म्हणून आळशी.

२/
पोथीत चूक आढळली, तर ती ग्रंथकाराची की नकलाकाराची, हा प्रश्न आपण आधी विचारतो. नकलाकाराचा हस्तदोष ग्रंथकाराच्या माथी मारणाऱ्यास कोणी संशोधक म्हणत नाही. यंत्र हेही ऐतिहासिक साधनच आहे. मग त्याच्या बाबतीत हा विवेक का गळून पडावा?

३/
प्रथम पूर्वपीठिका. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालट्रक विभागात होता. अवजड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक त्याने जवळून पाहिली. नोकरी सोडून त्याने तेलाच्या दाबावर चालणारे साहाय्यक स्टिअरिंग सिद्ध केले आणि १९२६ साली ते पिअर्स-ॲरो मोटारीवर चालवून दाखवले.

४/
यंत्र तयार होते, बाजार नव्हता. जनरल मोटर्सने रस घेतला. पण महामंदीत खर्चाचे गणित जुळेना आणि बेत बारगळला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या अवजड वाहनांनी ही कल्पना कसाला लावली. १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ती ‘हायड्रागाइड’ नावाने सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी कॅडिलॅक आली.

५/
म्हणजे शोधापासून विक्रीपर्यंत पाव शतक, आणि मध्ये एक महायुद्ध. इतक्या कसोट्या पार केलेली वस्तू ‘मुळातच भोंगळ’ होती, असे म्हणणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते. ग्राहक त्या सोयीसाठी वेगळे पैसे मोजत होते. जी गाडी आपोआप वळते, तिच्यासाठी कोण जादा पैसे मोजील?

६/
आता एक नेमकी गाडी घेऊ : १९६३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे. कॉर्व्हेटला पॉवर स्टिअरिंग प्रथम याच वर्षी मिळाले. आज ‘काढून टाका’ हा सल्ला ज्या गाड्यांच्या मालकांना सर्रास दिला जातो, त्यांत ही अग्रभागी आहे.

७/
हिची रचना समजली की निम्मे निदान झाले. मदत स्टिअरिंग बॉक्सच्या आत नसून बाहेर, चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर आहे. बॉक्समधून येणारा हात एका नियंत्रक व्हॉल्व्हमध्ये अडकतो. आपण स्टिअरिंग फिरवले की व्हॉल्व्हमधली दट्ट्यासारखी सळई केसभर सरकते आणि पंपाचे तेल सिलिंडरच्या एका किंवा दुसऱ्या बाजूस सोडते. सिलिंडर दांड्याला ढकलतो. इंजिन बंद पडले तरी हात आणि चाके यांचा यांत्रिक संबंध तुटत नाही. फक्त जोर लागतो.

८/
पहिली तक्रार : “गाडी आपोआप एका बाजूला वळते.” सळई तटस्थ स्थितीत नसेल, तर कोणी स्टिअरिंगला हात न लावताही तेल एकाच बाजूस जाते. व्हॉल्व्ह खोलून सील बदलणाऱ्याने जुळवणीचा शेवटचा टप्पा गाळला की हे घडते. यात १९६३ च्या अभियंत्याचा काय अपराध?

९/
त्या टप्प्याला लागतो एक पाना आणि थोडा संयम. पुढची चाके उचलून भक्कम स्टँडवर टेकवावीत. सिलिंडरचा दांडा चौकटीवरील कंसापासून सोडवावा. इंजिन सुरू करावे. हात दांड्याच्या वाटेत ठेवू नयेत. दांडा आपोआप बाहेर येत असेल किंवा आत जात असेल, तर व्हॉल्व्हच्या टोकावरील टोपण काढून आतला नट फिरवावा. दांडा जिथे आत सरकू लागतो आणि जिथे बाहेर येऊ लागतो, त्या दोन बिंदूंचा मध्य साधला की तो स्थिर राहतो. मग दांडा पुन्हा कंसाला जोडावा.

१०/
दांडा स्थिर होतच नसेल, तर व्हॉल्व्ह दोषी. आणि चाके इंजिन सुरू होताच वेगाने एका टोकाला जाऊन तिथेच अडकत असतील, तर सिलिंडरच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे का, ते पाहावे. नळ्या उलट लागल्या की यंत्र मदतीऐवजी विरोध करते. हा तर निखळ नकलाकाराचा दोष!

११/
दुसरी तक्रार : “स्टिअरिंग जड आहे.” कोणत्या बाजूस? एकाच बाजूस जड असेल, तर पंपाला बहुधा निर्दोष सोडावे. कारण दोन्ही बाजूंना तेल पुरवणारा पंप एकच आहे. मग संशय व्हॉल्व्हवर आणि सिलिंडरच्या सीलवर. तरीही बदलला जातो तो पंपच. ही दुरुस्ती नव्हे, आरोपीची ओळखपरेड न करता दिलेली शिक्षा आहे.

१२/
दोन्ही बाजूंस जड असेल, तर क्रमाने जावे. टायरमधली हवा. तेलाची पातळी. पट्ट्याचा ताण, ढिला पट्टा स्टिअरिंग टोकापर्यंत नेताच किंचाळतो. मग बॉल जॉइंटमधले ग्रीस. शेवटी दाब : पंपाच्या पुढे दाबमापक लावून त्याची झडप क्षणभर, पाच सेकंदांच्या आत, बंद करून पाहावी. पट्टा ताठ असूनही दाब पुरेसा चढला नाही, तर पंप दोषी. चढला, तर पंपाच्या पुढे शोधावे.

१३/
पंप कण्हत असेल आणि तेलावर फेस दिसत असेल, तर आत हवा शिरली आहे. चाके उचललेली ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे, तेलाची पातळी राखावी. मग हेच इंजिन मंद चालवून करावे. कण्हणे थांबले, तर नवा पंप कशासाठी?

१४/
तिसरी तक्रार : “सरळ रस्त्यावर गाडी भरकटते.” या पिढीच्या गाड्या तिरप्या थरांच्या क्रॉस-प्लाय टायरवर उभ्या होत्या, आज त्यांना रेडियल लावतात आणि चाकांचे कोन मात्र जुनेच ठेवतात. शिवाय भरकटणे घालवण्यासाठी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात. मग चाके वळणानंतर आपोआप सरळही होत नाहीत. एक दोष होता, दोन झाले.

१५/
“ही रचना रेडियलला पेलवतच नाही,” असे यावर सांगितले जाते. कॉर्व्हेटला कारखान्यातूनच रेडियल टायर १९७३ पासून मिळू लागले, आणि दांड्यावरच्या सिलिंडरची हीच पद्धत १९८२ पर्यंत चालू राहिली. म्हणजे तब्बल दहा वर्षे दोन्ही एकत्र नांदले. हा आक्षेप इथेच संपतो.

१६/
उरला सुरक्षिततेचा मुद्दा. तो सर्वांत गंभीर आहे आणि म्हणूनच त्याचा सर्वाधिक गैरवापर होतो. जडपणा हे लक्षण आहे. कोरडा बॉल जॉइंट आत झिजत असतो, म्हणून स्टिअरिंग जड होते. विजेची मोटर तो जडपणा लपवते. जॉइंट झिजतच राहतो. तापाचे औषध देऊन रोग तसाच ठेवावा, तसे हे. निदान न करता बदललेली यंत्रणा सुरक्षित असते, हे कोणी सांगितले?

१७/
आता न्याय्य सवलत. एखाद्याच्या खांद्यात बळ नसेल, गाडी रोज चालवायची असेल, तर बदल करण्याचा मालकाला अधिकार आहे. पण चौकट कापू नये. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा. बदलाची नोंद ठेवावी. आणि त्या गाडीला ‘मूळ स्वरूपात पुनःस्थापित’ म्हणू नये.

१८/
वास्तूंच्या जतनाविषयीची व्हेनिस सनद १९६४ ची, म्हणजे या गाडीच्या समकालीन. नवी भर मूळापासून वेगळी ओळखू यावी, जीर्णोद्धाराने पुरावा खोटा ठरू नये, हे तिचे तत्त्व. ऐतिहासिक वाहनांसाठीची ट्यूरिन सनद त्याच परंपरेतली. काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासलेला पाहून आपला संताप होतो ना? मग मोटारीच्या पोटातल्या ऑइलपेंटला टाळ्या का?

१९/
दृष्टीआडची वस्तू आहे, म्हणून ती कमी ऐतिहासिक ठरत नाही. बाहेरचा रंग पुन्हा मिळवता येतो. पण १९६३ साली माणसाच्या हाताला रस्ता कसा जाणवत होता, हे फक्त तो व्हॉल्व्ह सांगू शकतो. तो भंगारात गेला की साक्षीदारच गेला. त्यानंतर ‘जुन्या गाड्या अशाच असायच्या’ हे विधान खोडून काढायलाही कोणी उरत नाही.

२०/
तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणाले, “मूळ यंत्रणाच वाईट होती,” तर वाद घालू नका. तीन प्रश्न विचारा. दाब मोजला का? व्हॉल्व्ह तटस्थ केला का? चाकांचे कोन टायरप्रमाणे बदलले का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर समोरच्याने १९६३ ची गाडी अजून चालवलेलीच नाही.

(समाप्त. ज्यांच्या घरी किंवा ओळखीत जुनी गाडी दुरुस्तीला निघाली आहे, त्यांच्यापर्यंत पाना उचलण्याआधी हे पोहोचवा.)