ताईची फाईल

मे महिन्यात खारेपाटणला गेलं की माझे दोनच कार्यक्रम असतात. आंबे खाणं आणि लोळणं. (तिसरा कार्यक्रम, म्हणजे मोबाईलला रेंज शोधत अंगणभर फिरणं, हल्ली बंद झालाय.) यंदा मात्र पहिल्याच रात्री, जेवणं आटोपल्यावर, मावशीने पडवीत माझ्यासमोर एक जाडजूड फाईल आणून आदळली.

"तू पेपरात लिवतंस ना? मगे ह्या सगळा वाच आनि माका सांग, पैशे घालूचे काय नाय."

ताई, म्हणजे माझी मावसबहीण, समोरच बसली होती. फाईल बघितल्याबरोबर उठून आत गेली. भावजी उगाचच बॅटरी घेऊन कुत्र्याला शोधायला बाहेर पडले.

मास कॉम केलेल्या माणसाकडे घरच्यांची एक भलतीच श्रद्धा असते. इन्कम टॅक्सपासून मूळव्याधीपर्यंत सगळं 'तिला विचारा'. पण ही फाईल वेगळी होती. ताई आज ३३ वर्षांची. २९ व्या वर्षी पाळी पुढेमागे व्हायला लागली, ३१ व्या वर्षी थांबली. आधी सगळ्यांना वाटलं, गुड न्यूज! मग कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. एफएसएच ६८. महिन्याभराने परत केलं, तरी तसंच. पुढच्या कागदावर तीन शब्द : प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशिअन्सी. चाळिशीच्या आत ओव्हरीने काम आटोपतं घेणं.

(ताईला विचारूनच लिहितेय. "नाव नको टाकू, गाव टाक," म्हणाली. "गावाला तरी कळू दे की असं होतं.")

आता जरा बायोलॉजी. बोअर नाही करणार. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या ओव्हरीत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात त्यातली जेमतेम चारशे पूर्ण पिकून बाहेर पडतात. बाकीची गुपचूप विरून जातात. काहीजणींत हा साठा लवकर संपतो किंवा आहे तोच हलत नाही. कारणं अनेक : एखाद्या क्रोमोसोमचा घोटाळा, शरीराने स्वतःच्याच ओव्हरीवर उलटणं, कॅन्सरची केमोथेरपी, ओव्हरीवरचं ऑपरेशन. पण बहुतेकींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. ताईचंही नाही सापडलं. चाळिशीच्या आतल्या शंभरातल्या एकीला हे होतं असं वर्षानुवर्षं सांगत होते, अलीकडचे अंदाज तर तिनाच्या पुढे जातात. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या फ्लोअरवर कुणीतरी असेलच. ती बोलत नसेल, इतकंच.

फाईलमध्ये सगळ्यात वर होतं एक गुळगुळीत ब्रोशर. शहरातल्या एका सेंटरचं. नाव नाही लिहीत. गोरी आई, गोरं बाळ, आणि वर 'तुमच्याच स्टेम सेल्सनी तुमची ओव्हरी पुन्हा तरुण!' मागे पेनाने लिहिलेला आकडा : साडेतीन लाख. आणि ब्रोशरला टाचणीने लावलेलं एक कात्रण, पुण्यात स्टेम सेल्सच्या उपचारानंतर बाळ झाल्याची बातमी. साडेतीन लाखांसाठी मावशीची एफडी मोडायची होती आणि उरलेल्यासाठी कलमांची बाग दोन वर्षं आगाऊ करारावर द्यायची होती. कोकणात बाग आगाऊ देणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कलमं आहेत त्यालाच कळेल.

मी आधी कात्रण धरलं. खरंय ते. २०१८ साली पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या डॉ. सुनीता तांदूळवाडकर आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ ह्युमन रिप्रॉडक्टिव्ह सायन्सेस'मध्ये एक केस छापली. ४५ वर्षांची बाई, पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर. तिच्याच बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडाच्या मगजातल्या, स्टेम सेल्स तिच्या ओव्हरीत सोडल्या, आणि पुढे तिला मूल झालं. या प्रकारचं जगातलं पहिलं बाळ, असा पेपरचा दावा. आपल्या पुण्यात! मी पण क्षणभर फुशारले.

मग परत वाचलं. 'उंबरठ्यावर' हा शब्द महत्त्वाचा. त्या बाईची ओव्हरी थकली होती, ताईसारखी दोन वर्षं गप्प नव्हती. आणि केस एक. एका केसवरून डॉक्टर इतर डॉक्टरांना सांगतात की बाबांनो, इथे काहीतरी दिसतंय, शोधा. पुण्याच्या मंडळींनी तेच केलं. त्या एका केसचं ब्रोशर करणारे वेगळे.

बाकी जगात काय चाललंय? चीनमध्ये नानजिंगला नाळेतल्या स्टेम सेल्स कोलॅजेनच्या जाळीवर बसवून ओव्हरीत सोडल्या. १४ जणी. त्यातल्या एकीला जानेवारी २०१८ मध्ये बाळ झालं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला, त्याच वर्षी छापून आलेला प्रयोग, १७ जणी. पण त्यांच्या ओव्हऱ्या बंद नव्हत्या, औषधाला दाद कमी देत होत्या. बऱ्याचजणींच्या ओव्हरीत थोडी हालचाल दिसली, गर्भ राहिले मोजके. शिकागोतही ट्रायल झाली. सगळीकडे आकडे असे, एका एसटीत मावतील इतके. आणि या प्रयोगांत ताईला हवी ती गोष्ट सहसा नसते : स्टेम सेल्स न दिलेल्या तशाच बायकांशी तुलना. कारण गंमत अशी की या आजारात ओव्हरी अधूनमधून आपणहून जागी होते. शंभरातल्या पाचेक जणींना काहीही न करता दिवस जातात. मग बाळाचं श्रेय कुणाला द्यायचं?

त्यात मूळ फंड्यावरच शास्त्रज्ञांची भांडणं आहेत. २००४ मध्ये अमेरिकेत जोनाथन टिली यांच्या टीमने उंदरांवरून सांगितलं की ओव्हरीत नवी बीजं तयार करणाऱ्या पेशी असतात. मोठाच धक्का होता तो, कारण तोवर 'जन्माला येताना आणली तेवढीच' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं. आपल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीया यांच्या टीमने २०११ मध्ये म्हटलं की ओव्हरीच्या वरच्या थरात अगदी इवल्या स्टेम सेल्स असतात, पाळी गेलेल्या बाईच्याही. आणि २०२० मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने माणसाच्या ओव्हरीतल्या पेशी एकेक करून तपासल्या आणि सांगितलं, आम्हाला अशा पेशी सापडल्या नाहीत. दोन्ही बाजू मातब्बर. बाहेरून सोडलेल्या स्टेम सेल्सबद्दल तर फारसं कुणी म्हणतच नाही की त्या बीज बनतात. त्या रसायनं सोडतात आणि झोपलेली बीजं उठतात, असा अंदाज आहे. झोपलेली बीजं शिल्लक असतील तर.

हे सगळं मी पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मावशीला सांगत होते. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे ह्या खोटा?"

खोटं नाही गं मावशी. अर्धवट आहे. आणि अर्धवट गोष्टीचं बिल पूर्ण लावतायत.

कारण आपल्याकडे याबाबत नियम आहेत, आणि ते भलतेच स्पष्ट आहेत. आयसीएमआरने २००७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या नावात 'स्टेम सेल रिसर्च अँड थेरपी' होतं. २०१३ मध्ये त्यांनी 'थेरपी' हा शब्द मुद्दाम काढून टाकला, कारण रक्ताचे काही आजार वगळता ही थेरपी नाहीच, संशोधन आहे. २०१७ च्या सूचनांमध्येही तेच. म्हणजे करायचं तर मान्यता घेतलेल्या ट्रायलमध्ये, एथिक्स कमिटीच्या देखरेखीखाली, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नाव घालून. आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. साधा हिशेब आहे. तुम्ही त्यांच्या प्रयोगाला शरीर देताय, वर साडेतीन लाख कशाचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेताना मी त्या सेंटरला फोन लावला. गोड आवाजाची मुलगी. मी विचारलं, ही ट्रायल आहे का? "मॅडम, ही अ‍ॅडव्हान्स्ड ट्रीटमेंट आहे." सीटीआरआय नंबर मिळेल? "मॅडम, पेशंट कोण आहेत?" बहीण आहे माझी. नंबर? "मॅडम, तुम्ही सरांशी भेटून बोला, कन्सल्टेशन दोन हजार." आतापर्यंत किती जणींना केलं, किती जणींना मूल झालं? "रिझल्ट खूप छान आहेत मॅडम." चहा गार झाला, नंबर काही मिळाला नाही. संध्याकाळी त्या मुलीने स्वतःहून फोन केला : याच महिन्यात बुकिंग केलं तर पन्नास हजार कमी.

संशोधनावर सेल लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या चहाच्या हॉटेलातून खाडी दिसत नाही, पण ती आहे जवळच. खारेपाटण हे एकेकाळचं बंदर. विजयदुर्गाच्या खाडीतून गलबतं इथवर यायची. शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट इथलाच. मग गाळ भरत गेला आणि बंदर आत राहिलं. लहानपणी ताई मला गलबतांच्या गोष्टी सांगायची, स्वतः रचलेल्या. हे इथे का आठवलं कोण जाणे. तिच्यासोबत नदीकाठी गेले होते संध्याकाळी, म्हणून असेल.

नदीकाठीच मी तिला खरा प्रश्न विचारला. फाईलमध्ये डॉक्टरीणबाईंचं एक प्रिस्क्रिप्शन होतं, हॉर्मोनच्या गोळ्यांचं. "ह्या घेतेस ना?"

"सोडल्या. वर्ष झालं."

"का?"

"अगं, मूल हवंय तर त्या पाळीच्या गोळ्या कशाला? शिवाय त्यांनी कॅन्सर होतो म्हणतात."

खरं सांगते, साडेतीन लाखांपेक्षा मला याचं जास्त टेन्शन आलं. अख्ख्या फाईलमध्ये जी एकच गोष्ट तिच्या हक्काची, स्वस्त आणि पुराव्याने सिद्ध होती, तीच तिने सोडून दिली होती. ओव्हरी फक्त बीजं देत नाही, इस्ट्रोजेनही देते. ते ३१ व्या वर्षी बंद झालं तर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून साधारण पन्नाशीपर्यंत, जेव्हा पाळी एरवीही गेली असती तोपर्यंत, ते बाहेरून द्यायचं असतं. कॅन्सरची भीती पसरली ती २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासावरून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! पाळी जाऊन दशक उलटलेल्या बाईला हॉर्मोन देणं वेगळं आणि तिशीतल्या मुलीचं गेलेलं हॉर्मोन भरून देणं वेगळं. कुणाला चालत नाहीत, कुठल्या द्यायच्या, हे अर्थात डॉक्टरच ठरवणार. पण स्वतःच्या मनाने बंद? नो वे.

"हे त्या सेंटरवाल्यांनी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"ते फक्त बाळाबद्दल बोलतात," ताई म्हणाली. मग जरा वेळाने, "सगळेच फक्त बाळाबद्दल बोलतात."

मी गप्प बसले. मीसुद्धा आदल्या रात्रीपासून तेच करत होते.

मुलाबद्दल बोलायचं तर एक रस्ता नक्की आहे आणि तो जुना आहे. दुसऱ्या बाईचं बीज घेऊन आयव्हीएफ. अशा अकाली थांबलेल्या ओव्हरीच्या बायकांसाठी मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांनी हे तंत्र बसवलं, त्यातून जानेवारी १९९१ मध्ये देशातलं पहिलं बाळ जन्मलं. आता २०२१ च्या कायद्याने त्याला चौकट आहे : दात्री २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच बीज देणार. ताईला हे माहीत होतं. "ते माझं असेल का गं?" असं तिने विचारलं नाही, जे मला अपेक्षित होतं. ती म्हणाली, "यांना चालेल. आईलापण चालेल. मला अजून विचार करायचाय." बस. दत्तकाचा विषय तिनेच काढला आणि तिनेच मिटवला. प्रत्येक दरवाजा मीच उघडून दाखवायला हवा असं नाही.

रात्री मावशीला सांगितलं, एफडी मोडू नकोस. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आनि उद्या ता खरा निघाला तर?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते ब्रोशरइतकं गुळगुळीत नव्हतं. उद्या खरं निघालं तर ट्रायलमधून निघेल, आणि तिथे एफडी लागणार नाही. मी ताईला सीटीआरआयची साईट उघडून दाखवली, कसं शोधायचं, नोंद आधी झालीय की नंतर, पेशंट कोणत्या वयाचे घेतायत. तिने ब्रोशर उलटं केलं आणि त्या साडेतीन लाखांच्या खाली साईटचा पत्ता लिहून घेतला.

परवा तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला. कोल्हापूरला जाऊन हाडांची डेक्सा तपासणी करून आली. कमरेच्या हाडांची घनता थोडी कमी निघालीय. गोळ्या पुन्हा सुरू, कॅल्शियम सुरू, सकाळी नदीपर्यंत चालणं सुरू. खाली बागेचा फोटो. आणि त्याच्या खाली एक ओळ :

"शोधलं आज. आपल्या जवळ काही नाही. पुढच्या महिन्यात परत बघते."