बारीक आहात म्हणजे फिट आहात? वजनकाटा काय लपवतो, समजून घ्या

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे फोटो शेजारी शेजारी छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही अंगाने बारीक. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. नुसते फोटो पाहून हा फरक कोणालाच सांगता आला नसता. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' हे नाव पडले.

भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीने २०२३ मध्ये मांडला. आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तरीही तब्येत जोखायची आपली पद्धत बदललेली नाही: नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. जाड असेल तर 'जरा कमी कर', काडीपैलवान असेल तर 'तुला काय धाड भरलीय!' स्थळांच्या जाहिरातींत तर 'सडपातळ' हा शब्दच आरोग्याचा दाखला समजला जातो. नजर दोन्हीकडे फसते, पण आपल्या देशात बारीक माणसाबाबत झालेली फसगत जास्त महागात पडते.

बीएमआय नेमका काय मोजतो?

किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र १९व्या शतकातले बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचे. ते डॉक्टर नव्हते. त्यांना लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. सूत्राला बीएमआय हे नाव मिळाले ते थेट १९७२ मध्ये. इंजिनिअरिंग शिकलेल्याच्या डोळ्यांनी पाहिले तर यात दोनच इनपुट आहेत. त्यावरून वजनातले स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी आहे कुठे, हे कळणार तरी कसे?

शिवाय मर्यादाही सगळ्यांना एकच लागू होत नाही. १७० सेंमी उंच माणसाचे वजन ७० किलो असेल तर बीएमआय येतो २४.२. आंतरराष्ट्रीय तक्त्यात हा 'नॉर्मल', कारण तिथे जादा वजन २५ पासून सुरू होते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही रेषा २३ वर आणली आहे. मोबाइलमधले ॲप यातला कोणता तक्ता वापरते, हे आपण बघतो का?

मग खरा घोळ कुठे आहे?

पोटात. त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी. यकृत आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. त्यात स्नायू कमी असतील तर आणखी भर पडते, कारण जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे आलेले, अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. त्यांना कोणी 'लठ्ठ' म्हणत नाही आणि शुगर तपासायलाही सांगत नाही.

याची मुळे जन्माआधीपर्यंत जातात. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तिथल्यांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी बरीच कमी भरली, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. तेव्हा बारीक दिसूनही चरबी जास्त असण्याला केवळ वडापाव जबाबदार नाही.

आशाताईंची टेप

सरकारी यंत्रणा इथे जिमच्या चार पावले पुढे आहे. तिशीपुढच्या लोकांसाठी आशा सेविका जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आई-वडील-भावंडांचे आजार आणि कंबरेचा घेर विचारला जातो. गुण देताना वजनाचा रकानाच नाही. ऑफिसमधल्या आरोग्य शिबिरात मात्र काट्यावर उभे करून 'ओके' म्हणतात आणि पुढच्याला बोलावतात. त्या शिबिरांत इंचटेप सक्तीची करायला काय हरकत आहे?

वजन सरसकट बिनमहत्त्वाचे, असा याचा अर्थ नाही. जादा वजनाने गुडघे झिजतात, झोपेत श्वास अडकतो. पण पाठदुखी असो की धाप, जाड माणसाला तपासणीआधीच 'वजन कमी करा' सांगून परत पाठवणे हा निव्वळ आळस आहे. २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगानेही केवळ बीएमआयवरून लठ्ठपणाला आजार ठरवू नका, अवयवांच्या कामावर परिणाम झालाय का ते पाहा, असे सुचवले.

आणि हो, प्रयत्न न करता कोणी झपाट्याने बारीक झाले असेल तर 'वा, मस्त दिसतोस!' म्हणण्याआधी थांबा. मधुमेह आणि टीबी, दोन्हींत वजन असेच उतरते.

घरी काय मोजायचे?

पॅन्टचा साइज नको. ३२ ची पॅन्ट ढेरीच्या खाली बांधलेली असते! शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप लावा. पुरुषांसाठी ९० सेंमी आणि महिलांसाठी ८० सेंमी ही मर्यादा. टेप नसेल तर दोरा चालेल. आपल्या उंचीइतका दोरा घ्या, बरोबर निम्म्यावर कापा आणि एक तुकडा त्याच जागी पोटाभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत, तर काट्यावरचा आकडा काहीही असो, उपाशीपोटी शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. घरात मधुमेह असेल, तर टोके जुळली तरीही.